पाणी सोडेपर्यंत

माणसाचे विचार डोक्यात तयार होतात, असं आपल्याला शाळेत शिकवलं. पुण्यात नदीपात्रातल्या रस्त्यावर सकाळचा एक तास काढला की ते बुडाखाली तयार होतात याबद्दल शंका राहत नाही. बुडाखाली काहीच नसेल, म्हणजे माणूस पायी असेल, तर तो सायकलवाल्यांच्या नावाने खडे फोडतो. बुडाखाली सायकल आली की पायी चालणाऱ्यांच्या नावाने फोडतो. स्कूटर आली की दोघांच्याही नावाने, आणि उरलेले खडे ज्यांनी खड्डे ठेवले त्यांच्या नावाने. माणूस तोच, डोकं तेच, सकाळी घेतलेली रक्तदाबाची गोळीही तीच. बदलते ती फक्त बैठक.

ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. मुठा नदी शहरात येते तेव्हा तिच्या एका अंगाला कर्वे रस्ता आणि डेक्कन, दुसऱ्या अंगाला नारायण, शनिवार वगैरे पेठा. या दोन संस्कृतींच्या मधून, कुणाच्याच बाजूने न बोलता, ती पुढे संगमावर जाऊन मुळेला मिळते. पावसाळ्याचे महिने सोडले तर पात्राच्या मधोमध एक अरुंद पट्टा तिला पुरतो. बाकीचं पात्र मोकळं. मोकळी जागा दिसली की पुणेकर तिथे एक तर गाडी लावतो, नाही तर व्याख्यानमाला सुरू करतो. नदीत मंडप टिकणार नाही म्हणून गाड्या लागल्या, आणि गाड्यांना यायला-जायला हवं म्हणून रस्ता झाला. इतर गावांत नदीकाठी रस्ता असतो. आमचा रस्ता नदीत आहे. नदीला तसं कुणी विचारलं नव्हतं. पण वर्षातले आठ महिने ती काही बोलत नाही, त्याअर्थी तिची संमती असणार, असं गृहीत धरलं गेलं.

डोक्यावरून आता मेट्रो जाते. वनाजकडून येणारी ही मार्गिका २०२३ च्या ऑगस्टमध्ये डेक्कन ओलांडून पुढे सुरू झाली आणि नदीपात्रातल्या दोन स्टेशनांना पगडीच्या आकाराची छतं मिळाली. पगडीखालून गाडी सुटली की आतले प्रवासी काचेतून खाली बघतात आणि शेजारच्याला म्हणतात, "काय हौस असते बघा लोकांना, नाल्याकाठी फिरतायत." यातले निम्मे प्रवासी तासाभरापूर्वी तिथेच फिरून आंघोळीला गेलेले असतात. बैठक उंचावली की दृष्टी किती पटकन उंचावते याचं हे उत्तम उदाहरण आहे.

चालणाऱ्यांपासून सुरुवात करू, कारण कुठलीही सुरुवात आपल्यापासून व्हावी असं त्यांना वाटतं. नदीपात्रात एकटा चालणारा माणूस विरळा. तो बहुधा नवीन राहायला आलेला असतो किंवा ग्रुपमधल्या कुणाशी तरी त्याचं बिनसलेलं असतं. बाकी सगळे ग्रुपने चालतात. ग्रुपमध्ये माणसं कितीही असली तरी ओळ चार जणांचीच होते, कारण रस्त्याची रुंदी तेवढी आहे. पाचवा माणूस एक पाऊल मागे चालतो आणि दर दोन मिनिटांनी, "काय म्हणालात?" एवढंच विचारतो. पाचव्या माणसाच्या वाट्याला संपूर्ण वाक्य येत नाही. गेली कित्येक वर्षं तो राजकारणातल्या घडामोडी क्रियापदांशिवाय ऐकतो आहे आणि त्याचं काही अडलेलं नाही.

विषयांनाही हद्दी आहेत. म्हात्रे पूल ते लकडी पूल राजकारण. लकडी पूल ते भिडे पूल गुडघे. भिडे पुलापाशी वळलं की परतीच्या वाटेवर मुलं-सुना-नातवंडं, आणि त्यातही अमेरिकेतली आधी. पाऊस सुरू झाला की मात्र सगळे विषय मागे पडतात आणि धरणं येतात. पुणेकराला स्वतःच्या मुलाची जन्मतारीख विचारली तर तो बायकोकडे बघतो. पण खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं भरली की किती पाणी होतं हे विचारा, झोपेतही तो सांगेल: २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे किती हे त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याच्या नळाला येतं ते बादलीत मोजण्याइतकंच. तरीही "काल दिवसभरात पाऊण टीएमसी आलं," हे वाक्य तो असं टाकतो, की आलेलं पाणी त्यानेच धरून आत घेतलं असावं.

या मंडळींत काही कसलेले कलावंतही असतात. एक गृहस्थ उलटे चालतात. उलटं चालल्याने गुडघ्यांना आराम पडतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांना पडला असेलही. पण समोरून येणाऱ्यांच्या जिवाला त्यापासून आराम नाही, कारण त्यांचं तोंड आपल्याकडे असतं, ते हसून नमस्कार करतात आणि दूर दूर जात राहतात. एक बाई टाळ्या वाजवत चालतात. साडीवर पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, हातात घराची किल्ली, आणि ठराविक अंतराने तीन टाळ्या. नवखा सायकलवाला त्या टाळ्या आपल्यासाठी आहेत असं समजून घाबरून बाजूला होतो. बाईंना हे ठाऊक आहे, असा माझा संशय आहे. आणि एक कुत्रेवाले. कुत्रा रस्त्याच्या एका कडेला वास घेत असतो, मालक दुसऱ्या कडेला फोनवर असतात, आणि दोघांच्या मधली दोरी रस्त्यावर आडवी ताणलेली असते. हा नाका चुकवता येत नाही.

पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून चालावं, असा एक संकेत आहे. तो ग्रुपमधल्या चौघांनाही माहीत असतो. एक त्याप्रमाणे उजवीकडून चालतो. दुसरा म्हणतो, आपल्याकडे सगळं डावीकडून, म्हणून तो डावीकडून चालतो. तिसरा आणि चौथा मध्यम मार्गाचे.

आता मागून सायकल आली आणि घंटी वाजली की काय होतं, हे जवळून बघण्यासारखं आहे. चौघांपैकी दोघं डावीकडे सरकतात, दोघं उजवीकडे. मध्ये छान वाट होते. सायकलवाला त्या वाटेवर नेम धरतो. तेवढ्यात डावीकडच्या एकाच्या लक्षात येतं, की आपली सौभाग्यवती उजवीकडे गेली. तो तिच्याकडे धावतो. त्याच क्षणी सौभाग्यवतींच्या लक्षात येतं, की हे डावीकडे राहिले; त्या तिकडे धावतात. बरोबर मध्यभागी, जिथे वाट झाली होती तिथे, पस्तीस वर्षांचा संसार समोरासमोर येतो आणि एकमेकांना, "अगं, थांब ना!" "अहो, तुम्हीच थांबा ना!" म्हणत उभा राहतो. सायकलवाला दोन्ही ब्रेक दाबून पाय टेकतो. पाचवा माणूस मागून विचारतो, "काय म्हणालात?"

सायकलवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. तेव्हा सायकल ही गरज होती, त्यामुळे तिच्याविषयी कुणी बोलत नसे. प्राध्यापक सायकलवर जात, कारकून जात, कॉलेजातल्या मुली जात. कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसेल किंवा कुणी डबलसीट दिसलं तर हवालदार थांबवत असे आणि समजूत पटेना तर चाकातली हवा सोडत असे. पेठेतल्या ज्येष्ठांना अजून त्या हवेचा आवाज आठवतो. पुढे परिस्थिती सुधारली, दारात स्कूटर आली, आणि सायकल आधी जिन्याखाली, मग गच्चीवर आणि शेवटी भंगारात गेली. ती गेल्यानंतर शहराला तिची आठवण यायला लागली. बीआरटीच्या बसमार्गांबरोबर सायकलमार्ग झाले. त्यावर रिक्षा उभ्या राहिल्या, भाजी बसली, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे विजेचा डीपी बसला. २०१७ च्या डिसेंबरमध्ये मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या सार्वजनिक सायकली आल्या. लोकांना ही कल्पना इतकी आवडली, की काहींनी त्या सायकलींना स्वतःचीही कुलपं लावली.

आज नदीपात्रात दिसणारा सायकलस्वार हा त्या जुन्या सायकलस्वाराचा वंशज नव्हे. तो वेगळ्या घराण्यातला आहे. त्याची सायकल मोटारीच्या मागे स्टँडवर बांधून येते. मोटार नदीपात्रात लावायची, सायकल उतरवायची, हेल्मेट, हातमोजे, गॉगल चढवायचे, पाण्याची बाटली खोबणीत बसवायची, मनगटावरचं घड्याळ आणि हँडलवरचं यंत्र एकमेकांशी बोलायला लागेपर्यंत उभं राहायचं, आणि मग निघायचं. घरापासून मोटारीने आलेलं अंतर आणि सायकलने कापलेलं अंतर यांत कुठलं जास्त, हा प्रश्न अशा वेळी विचारू नये. राईड अ‍ॅपवर चढली नाही तर ती झालीच नाही असं त्या घराण्यात मानतात. एकदा एकाचं यंत्र मध्येच बंद पडलं, तर तो तेवढा टप्पा पुन्हा मारायला परत गेला. शरीराला पहिल्या वेळचा घाम आला होता, पण त्याची नोंद नव्हती.

त्यांच्या बोलण्यात सिंहगड पायथा, खडकवासला चौपाटी, भूगावचा चढ असे शब्द येतात. नदीपात्रातला रस्ता त्यांच्या लेखी अंग गरम करण्यापुरता. इथे चालणाऱ्यांच्या गर्दीतून जाणं ही त्यांच्या मते सरावाची सर्वांत अवघड पायरी आहे, घाट परवडला. दुसरा हेल्मेटवाला समोरून आला की दोघं दोन बोटं उचलून एकमेकांना सलाम करतात. हा सलाम हेल्मेटला असतो.

कारण त्याच वेळी समोरून आणखी एक सायकल येते आणि तिला कुणी सलाम करत नाही. ती रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या वॉचमनची. हँडलला डबा लटकलेला, कॅरिअरला गुंडाळलेली घोंगडी, मडगार्ड दोरीने बांधलेलं, घंटी नाही, ब्रेक असावेत असा अंदाज. अंगात कारखान्यातल्या कामगारासारखा निळा शर्ट, पायात चपला. तो रस्त्याच्या बरोबर मधून, एका लयीत, कुणाकडेही न बघता जातो, आणि गंमत म्हणजे त्याच्यासाठी चौघं आपोआप एका रांगेत येतात. उलटे चालणारे गृहस्थ सुलटे होतात. कुत्र्याची दोरीसुद्धा ढिली पडते. त्याने रोजचे किती किलोमीटर कापले याची नोंद कुठल्याही अ‍ॅपवर नाही, आणि या रस्त्यावर कुठेतरी पोचण्यासाठी निघालेला त्या वेळचा तो एकटाच माणूस असतो.

आता बैठकीचा सिद्धान्त पडताळून पाहायचा तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींइतका सोयीचा माणूस मिळणार नाही. ते सोमवार ते शनिवार चालतात, रविवारी मुलाने परदेशी जाताना मागे ठेवलेली सायकल चालवतात, आणि रोज दहा वाजता स्कूटरवरून बँकेच्या दिशेने जाताना दिसतात. तिन्ही अवतारांत ते मला भेटतात आणि तिन्ही अवतारांत त्यांचं म्हणणं ठाम असतं.

पायी असताना: "अहो, या सायकलवाल्यांना काही रीत आहे का? घंटी तरी वाजवावी माणसानं!" एवढ्यात मागून घंटी वाजते. सेक्रेटरी दचकतात. "आणि वाजवतात तरी कशी बघा! जसं काही आपण यांच्या वाडवडिलांच्या अंगणातून चाललोय."

रविवारी सायकलवर: "या लोकांना सांगा जरा. घंटी वाजवली तर दचकतात, नाही वाजवली तर ओरडतात. कानात ते बोळे घातलेले. एका रांगेत चालायला काय होतं? शाळेत शिकवलं नव्हतं?"

दहा वाजता स्कूटरवर, माझ्या शेजारी ब्रेक मारून: "कमाल आहे! हा रस्ता वाहतुकीसाठी केलाय ना? चालायला बागा आहेत. संभाजी उद्यान आहे, कमला नेहरू पार्क आहे, सारसबाग आहे. हे सगळे इथे कशाला कडमडतात?"

"पण सकाळी तुम्हीही..."

"सकाळची गोष्ट वेगळी," असं म्हणून ते निघून जातात. त्यात खोटं काही नाही. सकाळची गोष्ट वेगळीच होती.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला वेगळी वाट द्यायची, हे शहाण्या माणसांना फार पूर्वी सुचलेलं आहे. पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या काठी मिळून ४४ किलोमीटर लांबीचा नदीकाठ सुधारण्याचा प्रकल्प आहे; त्याची पायाभरणी २०२२ च्या मार्चमध्ये झाली आणि काम संगमवाडी-बंडगार्डनच्या बाजूने सुरू झालं. त्याची चित्रं पाहिलीत का? जरूर पाहावीत. चित्रांत नदी निळीशार. काठाला फरशी, फरशीवर झाडं, झाडांखाली माणसं. पण कुठली माणसं? एकाचंही पोट सुटलेलं नाही. कुणाच्या हातात दुधाची पिशवी नाही. चौघांची ओळ औषधालाही नाही. एक तरुण जोडपं, एक फुगा घेतलेलं मूल, आणि सबंध दृश्यात मिळून एक सायकलवाला, तोही फोटो काढायला थांबल्यासारखा. अशी माणसं पुण्यात कुठल्या भागात राहतात याची मी चौकशी केली. कुणालाच ठाऊक नाही. प्रकल्प पूर्ण होईल तेव्हा त्यांनाही आणणार असतील.

अहमदाबादला जाऊन आलेले लोक साबरमतीचं उदाहरण देतात. तिथे वर एक आणि खाली पाण्यालगत एक अशा दोन पातळ्यांवर फिरायची सोय आहे, पाणी बारमाही भरलेलं आहे. हे खरं. ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं असतं हे सांगितलं की ग्रुपमध्ये क्षणभर शांतता पसरते आणि मग पाचवा माणूस, "काय म्हणालात?" विचारतो. आमच्याकडे मतं सरळ दोन पक्षांत विभागलेली आहेत. एक झाडांचा पक्ष, एक फरशीचा पक्ष. काठावरची झाडं तोडण्याला विरोध करायला माणसं रस्त्यावर उतरली, मोर्चे निघाले, प्रकरणं हरित लवादापर्यंत गेली. फरशीच्या पक्षाचं म्हणणं, निदान पाय तरी मुरगळणार नाही. झाडांच्या पक्षाचं म्हणणं, सावली गेल्यावर पाय शाबूत ठेवून करायचंय काय? दोन्ही पक्ष रोज एकाच ग्रुपमध्ये, एकाच ओळीत चालतात, आणि भिडे पुलापाशी एकाच टपरीवर कटिंग पितात. पैसे कुणी द्यायचे यावर मात्र पक्षभेद नाही. दोघंही शेवटपर्यंत खिशात हात घालत राहतात.

या सगळ्यात नदीकडे कोण बघतं? तसं कुणीच नाही. चालणारा घड्याळाकडे बघतो, सायकलवाला यंत्राकडे, स्कूटरवाला चालणाऱ्याकडे. बघण्यासारखं फार ठेवलेलंही नाही. पुणेकर धरणातून स्वच्छ पाणी घेतो आणि वापरून झाल्यावर बरंचसं नदीला परत करतो. घेतलेलं परत करण्याचा हा प्रामाणिकपणा नदीला फार महागात पडला आहे. उन्हाळ्यात जलपर्णी वाढते आणि पाणी दिसेनासं होतं. बाहेरगावचे पाहुणे लांबून बघून म्हणतात, "वा, लॉन छान ठेवलंय!" त्या लॉनवर डासांची पैदास होते. २०२४ च्या फेब्रुवारीत तर केशवनगर-खराडीकडे नदीवर डासांचे उंचच उंच फिरते खांब लोकांनी पाहिले. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. इतक्या शिस्तीने एका जागी गोल फिरणारा समुदाय पुण्यात दुसरा नाही.

बघणारे म्हणाल तर पक्षीवाले. येरवड्याच्या डॉ. सालिम अली अभयारण्याकडे त्यांची मुख्य वस्ती, पण इकडेही येतात. हातात तोफेएवढी लेन्स. लाल काड्यांसारख्या पायांवर उभा असलेला शेकाट्या त्या गढूळ पाण्यात चोच घालत असतो, शेजारी हळदी-कुंकू बदकांची जोडी असते, आणि काठावर ढोकरी अशी निश्चल बसलेली असते, की तिला कुठल्यातरी खात्याने नेमलेलं असावं. पक्षीवाला वाटेच्या मधोमध गुडघा टेकतो. मागे चौघं थांबतात, त्यांच्या मागे सायकल थांबते.

"काय आहे हो?" कुणीतरी कुजबुजतं.

"खंड्या."

"कुठे?"

"आता होता. तुम्ही बोललात."

मग खंड्या गेल्याचं खापर ग्रुप सायकलच्या घंटीवर फोडतो, सायकलवाला टाळ्या वाजवणाऱ्या बाईंवर फोडतो, आणि वाहतूक पूर्ववत सुरू होते.

या रस्त्याचा खरा मालक कोण, हा प्रश्न वर्षभर असा लोंबकळत असतो. जुलैत तो निकालात निघतो. चार धरणांपैकी शहराच्या सर्वांत जवळचं खडकवासला फार लहान, त्यात जेमतेम १.९७ टीएमसी मावतं. वरची धरणं भरली, घाटात पाऊस लागून राहिला, की ते बघता बघता काठोकाठ होतं आणि पाणी सोडावंच लागतं. आधी मोबाइलवर निरोप येतात: इतके हजार क्युसेक. मग लाउडस्पीकरवरून घोषणा. मग ज्यांच्या गाड्या पात्रात लावलेल्या आहेत ते घरून धावत सुटतात आणि ज्यांच्या नाहीत ते बघायला सुटतात. भिडे पूल मुळातच ठेंगणा. पाणी वाढलं की तो दिसेनासा होतो. लकडी पुलाचे कठडे माणसांनी भरून जातात. घरून छत्री घेऊन, भजी खाऊन, नातवाला खांद्यावर बसवून लोक आपलाच रस्ता वाहून जाताना बघतात. वर्षभर जिच्याकडे ढुंकून बघितलं नाही तिला त्या दिवशी सगळं शहर बघायला येतं.

जुनी माणसं मात्र त्या गर्दीत जरा मागे उभी असतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाणी पेठांत शिरलं, तो दिवस त्यांनी पाहिलेला आहे. ते आकडे सांगत नाहीत. भिंतीवर हात ठेवून, "इथपर्यंत," एवढंच म्हणतात. आणि २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या घरात पाणी सुटलं, सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत लोकांच्या घरात पाणी आलं, तेव्हा गच्चीवरून बघण्याची हौस नव्या माणसांचीही फिटली.

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नदीच्या दोन्ही बाजूंना दोन रेषा काढलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचेल ती. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. आम्ही इतकी वर्षं पायी वाट कुठली, सायकलची वाट कुठली, पांढरा पट्टा कुठे मारायचा यावर भांडतो आहोत, आणि नदीची लेन कधीच आखून झालेली आहे. ती भरपूर रुंद आहे. आमच्या चौघांची ओळ, पाचवा माणूस, मोटारीच्या मागून आलेली सायकल, दहा वाजताची स्कूटर आणि कटिंगची टपरी हे सगळं तिच्या लेनच्या आत आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. विठ्ठलवाडीपासून वारज्याकडे पात्रातून काढलेल्या अशाच एका रस्त्यावर प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं होतं आणि २०१३ साली लवादाने तो काढायला सांगितला होता. नदी लवादाकडे जात नाही. ती थेट ताबा घेते. शिवाय रस्त्यावर येण्याआधी रीतसर सूचना देऊन येणारी या सबंध रस्त्यावरची ती एकटीच.

पाणी ओसरलं की दोन-तीन दिवस चिखल. कठड्यांच्या जाळ्यांत, मेट्रोच्या खांबांना, झाडांच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतात. आम्हीच वर्षभर सोडलेल्या पिशव्या, नदीने एकेक करून परत टांगून ठेवलेल्या. मग गाळ उपसला जातो, पहिला ग्रुप येतो, चपला चिखलात रुततात, आणि सगळे पुन्हा आपापल्या बैठकीवर विराजमान होतात.

या वर्षी मात्र सेक्रेटरींनी मनावर घेतलं आहे. आठवडाभर फिरणं बुडालं, एक राईड गेली, आणि बँकेत जायला लांबचा वळसा पडला. तिन्ही बैठकींचं एकाच वेळी नुकसान झाल्यामुळे त्यांच्या विचारांत प्रथमच एकवाक्यता आली. त्यांनी पाटबंधारे खात्याला उद्देशून अर्ज लिहिला आहे. पाणी सोडण्यास नागरिकांचा विरोध नाही. परंतु ते दुपारी दोन ते चार या वेळात, जेव्हा शहरात तसंही काही चालू नसतं, सोडण्यात यावं, आणि रविवार वगळावा. मसुदा सर्वांना पसंत आहे. चालणारे, सायकलवाले आणि स्कूटरवाले आयुष्यात पहिल्यांदा एका कागदावर यायला तयार झाले आहेत. अर्ज अजून गेलेला नाही. पहिली सही चालणाऱ्याची हवी की सायकलवाल्याची, यावर गाडी अडली आहे. सेक्रेटरी म्हणतात, सही तेच करतील. पण कुठल्या नात्याने, ते त्यांनाही ठरवता आलेलं नाही.